मेणात अडकलेली कॉइल

गारा पडल्या आणि टेकडीवरच्या बागेतली फळं एका दुपारात जमिनीवर आली. पडलेलं फळ उचललं नाही तर सडणार, आणि सडलं तर वासाने टेकडीवर उभं राहवणार नाही, म्हणून बागवाल्याने गावभर निरोप फिरवला: ज्यांना ज्यांना कंबर आहे त्यांनी वर या. तेव्हापासून गॅरेजवाल्या मिस्त्रींची बायको रोज सकाळी डबा बांधून व्हॅनमध्ये बसत होती आणि संध्याकाळी वाकलेली ती वाकलेलीच घरी येत होती. गारांनी शाळेचे पत्रेही फोडले होते. त्यामुळे मिस्त्रींची मुलगी भिंगरी घरीच. तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. बसली तरी पाय हलायचे, पाय धरले तर तोंड चालायचं.

त्या दिवशी व्हॅन गॅरेजच्या दारात आली ती मागच्या चाकाशी ओघळ घेऊनच. ब्रेकचं ऑइल गळत होतं. व्हॅनवाला खाली उतरून चाकाला शिव्या देत होता, जणू चाकाने मुद्दामच केलं होतं. आत बायका एकमेकींच्या मांडीवर बसल्यासारख्या बसलेल्या.

“मिस्त्री, पटकन! वर बागवाला माझ्या नावाने खडे फोडत असेल.”

मिस्त्री चाकामागे आडवे झाले. फुटलेला पाइप काढला, नवा लावला, नट बसवला आणि आवळला. आवळताना नेहमीप्रमाणे डोळे मिटलेले. ही त्यांची ख्यातीच होती. जिथे मान पोचत नाही, बॅटरीचा उजेड पोचत नाही, तिथे मिस्त्रींची बोटं पोचत. बोटांना डोळे आहेत, असं लोक म्हणायचे, आणि मिस्त्री ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, म्हणजे लोकांनी पुन्हा म्हणावं.

“मिस्त्री, झोप लागली की काय?” आतून एकीने विचारलं.

“झोपेत आवळलेला नटसुद्धा यांचा सुटत नाही. विचारा त्यांच्या बायकोला!” दुसरी म्हणाली.

“मला काय विचारता?” आई खिडकीशी बसली होती. “माझ्याशी लग्न केलं तेव्हाही डोळे मिटलेलेच होते.”

व्हॅन हसण्याने हलली. मिस्त्री कपडे झटकत उठले, व्हॅनवाला आत चढला आणि हसणं, धूर, धूळ असं सगळं एकत्रच टेकडीकडे वळलं. भिंगरीने हात हलवला. आईने नाही हलवला. तिच्या मांडीवर तिचा आणि शेजारणीचा असे दोन डबे होते.

दुपारी मधवाले काका आले. त्यांच्याआधी त्यांच्या गाडीचा आवाज आला. एकदा खोकायची, दोनदा धडपडायची, मग दचकून पुढे यायची. गाडीत मागे मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या आणि काकांच्या टोपीवर एक चुकार माशी, आपल्याच घरी असल्यासारखी.

“मिस्त्री, घोडं लंगडतंय,” काका म्हणाले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. एरवी ते इंजिनावर हात ठेवायचे, वैद्याने नाडी बघावी तसे, आणि सांगायचे कुठे दुखतंय ते. आज त्यांनी कान लावला. भिंगरीच्या ते नजरेत आलं, पण नजरेत आलेलं सगळंच काही डोक्यात शिरत नाही. मिस्त्री एकेका कॉइलची वायर काढून बघत गेले. तिसरीची काढली तरी इंजिनाच्या आवाजात काही फरक पडला नाही.

“हीच. कॉइल गेली.”

कॉइल म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी वस्तू. वर प्लास्टिकचं डोकं, खाली रबराचा लांब पाय, आणि तो पाय इंजिनातल्या एका खोल भोकात उतरून प्लगच्या टोकावर टोपीसारखा बसलेला. एक बोल्ट काढायचा, कॉइल जरा पिळायची, वर ओढायची. पाच वर्षांच्या पोराचं काम, मिस्त्री म्हणायचे. मात्र पाच वर्षांचीच काय, पंधरा वर्षांची पोरसुद्धा त्यांनी कधी इंजिनाजवळ उभी केली नव्हती. भिंगरीला हात लावायची मुभा होती ती फक्त पुसायला.

बोल्ट निघाला. कॉइल हलेना. डोक्याभोवती पिवळसर काहीतरी वाळून बसलं होतं.

“हे काय फासलंय?”

“मेण,” काका म्हणाले.

“कुणी?”

“मीच. पावसात पाणी शिरायचं ना आत. मेण लावलं की पाण्याची काय बिशाद! माझ्या छपराची चीर, बूट, पाण्याची बादली, सगळं मेणावरच तर उभं आहे.”

“काका, इंजिन तापतं हे माहीत आहे ना तुम्हाला?”

“तापतं माहीत आहे. मेण इतकं खाली उतरेल हे माहीत नव्हतं.”

मेण पातळ होऊन रबराच्या पायाभोवती उतरलं होतं आणि रोज तापून, रोज गार होऊन डिंकासारखं धरून बसलं होतं. मिस्त्रींनी थोडा विचार केला.

“तापवू या. गरम झालं की सोडेल. मग गरम असतानाच ओढायचं.”

गाडी चालू ठेवली. तीन पायांवर थरथरत इंजिन तापू लागलं. गॅरेजमध्ये मेणाचा गोड वास पसरला, इतका की भिंगरीला भूक लागली. बंद केल्यावर मिस्त्रींनी उघडा हात घातला.

“बाबा, फडकं घ्या ना.”

“फडक्यातून काय कळणार? बोटांना लागायला हवं.”

डावा हात इंजिनावर टेकवून त्यांनी उजव्या हाताने कॉइल पिळली. आणखी पिळली. आणि मग ‘कट्’ असा आवाज झाला. लहानसाच, पण भिंगरीच्या दातांना कळला. प्लास्टिकचं डोकं मिस्त्रींच्या मुठीत आलं आणि रबराचा पाय खाली भोकातच राहिला.

“अरेरे,” काका म्हणाले.

मिस्त्री मुठीतल्या तुकड्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी आयुष्यात कॉइल मोडली नव्हती. भिंगरीला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून तिने दुसरीकडे बघितलं, आणि तेवढ्यात मेणाच्या गोड वासात एक वेगळा वास आला. केस जळल्यासारखा. तिला वाटलं, वायर जळतेय. ती वाकली. वायर ठीक होती.

मिस्त्रींचा डावा तळवा अजून इंजिनाच्या उघड्या लोखंडावर होता.

“बाबा! हात!”

“काय?”

“हात उचला! उचला आधी!”

त्यांनी उचलला. तळव्याची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. करंगळीखालची थोडी लोखंडालाच चिकटून राहिली. मिस्त्री त्या हाताकडे बघू लागले, वाटेत सापडलेला रुमाल माणूस उलटसुलट करून बघतो तसे, हा आपला की कुणाचा म्हणून.

भिंगरीने त्यांना ओढतच मागच्या पाण्याच्या टाकीवर नेलं. मनगट धरून हात पाण्यात घातला.

“दुखतंय?”

“हं. थोडं.”

हे त्यांनी जरा उशिरा म्हटलं. पाण्याखाली तिने त्यांच्या बोटाला चिमटा काढला. मग नख रुतवलं. मिस्त्री टाकीवरच्या शेवाळाकडे बघत होते.

“मी चिमटा काढला, बाबा.”

“हळू काढलास.”

“रक्त आलंय.”

पाण्यात एक बारीक लाल धागा वर चढत होता. तिने उजवा हातही धरून बघितला. तोही तसाच.

“कधीपासून?”

“आधी मुंग्या यायच्या,” मिस्त्री म्हणाले. “मग त्याही गेल्या.”

“आईला माहीत आहे?”

“शर्टाची बटणं लावून देते. विचारत नाही.” त्यांनी मान वळवून गॅरेजकडे पाहिलं. “हळू बोल. काका ऐकतील. मिस्त्रीचे हात गेले असं एकदा बाहेर पडलं की दारात सायकलसुद्धा यायची नाही.”

पण भिंगरी ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे सकाळचं चाक आलं होतं. चाकामागे आडवे झालेले बाबा, त्यांचे मिटलेले डोळे, आणि हसणारी व्हॅन.

“सकाळचा नट,” ती म्हणाली.

“आवळला की.”

“कळला का तुम्हाला? आवळलेला कळला?”

मिस्त्रींनी हात पाण्यातून वर काढला आणि बोटं एकमेकांवर घासून बघितली. भिंगरीने आजवर बाबांना चिडलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं, तापाने फणफणलेलं पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मोठं माणूस घाबरलं की ते लहान दिसायला लागतं, आणि मग आपण कुणाच्या मागे लपायचं?

ती पळतच दाराबाहेर गेली. व्हॅन उभी होती तिथे मातीत ऑइलचा डाग होता. तो सकाळचाच, जुन्या गळतीचा. पण व्हॅन आली होती खालच्या रस्त्याने आणि गेली होती टेकडीकडे. भिंगरी टेकडीच्या वळणापर्यंत गेली. धुळीत एक काळा ठिपका होता. पुढे दुसरा. तिने बोट लावलं. बुळबुळीत. त्यापुढे आणखी एक, आणि मग रस्ता वर चढत गेला होता.

फोन लावला. व्हॅनवाल्याचा लागेना. आईचा लागेना. वर बागेत फोन कधीच लागत नसे; आई म्हणायची, तेवढाच कानांना आराम.

चढताना ब्रेकची गरज पडत नाही. उतरताना पडते. आणि उतार असा, की एका बाजूला डोंगराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ऊन डोंगराच्या खांद्यावर टेकलं की बागवाला शिटी मारायचा आणि बायका व्हॅनमध्ये बसायच्या. भिंगरीने वर पाहिलं. ऊन खांद्याकडे निघालेलंच होतं.

“काकांची गाडी,” ती आत येत म्हणाली. “आपण वर जाऊ.”

“चढावर मरेल ती,” काका म्हणाले. “तीन पायांवर मी सपाटीने आलोय, तेही देवाचं नाव घेत. पण झालंय काय?”

भिंगरी बाबांकडे बघत राहिली. सांगायचं तर त्यांनीच सांगायला हवं होतं. मिस्त्रींनी भाजलेल्या हाताला फडकं गुंडाळलं. गाठ बसेना. दोनदा सुटली. शेवटी त्यांनी हात तसाच काकांसमोर धरला.

“काका, माझ्या हातांना काही कळत नाही. सकाळी व्हॅनच्या ब्रेकचा नट मी आवळला. आवळला की नुसता फिरवला, मला ठाऊक नाही.”

काकांच्या टोपीवरची माशी उडाली. काका मात्र हलले नाहीत.

“मिस्त्री, अरे, आधी सांगायचं नाही का?”

“आधी सांगितलं असतं तर गाडी आणली असतीत माझ्याकडे?”

काका पुढे झाले. त्यांनी मिस्त्रींच्या हाताची गाठ मारून दिली आणि मागून एकेक पेटी उतरवायला लागले.

“पोरी, लांब तोंडाची पक्कड घे,” मिस्त्री म्हणाले.

भिंगरीने घेतली. भोकात डोकावली. आत काळोख, तळाशी रबराची फाटकी कड. पक्कड भोकाच्या कडेवर वाजत होती, टकटक, टकटक, कुणी दार ठोठावावं तशी.

“आधी सुटं कर. चारी बाजूंनी. मग फिरव. ओढू नकोस.”

“किती जोर लावू?”

“लागेल तेवढा.”

“म्हणजे किती, बाबा?”

जन्मभर जे बोटांनी केलं ते तोंडाने कसं सांगायचं, हे मिस्त्रींना कुणी कधी विचारलंच नव्हतं. ते उगाचच हवेत बोटं फिरवून बघू लागले.

“तू लहान असताना,” शेवटी ते म्हणाले, “एकदा खिळा तोंडात घातलास. तुझी आई किंचाळत होती. मी बोट घातलं. घट्ट धरला असता तर निसटून घशात गेला असता. सैल धरला असता तरी गेला असता. तसं धर.”

तिने रबर धरलं. डावीकडे ढकललं, उजवीकडे ढकललं. इंजिनाची धग तिच्या हनुवटीला लागत होती, मनगट एकदा लोखंडाला टेकलं आणि ती कळवळली. कळवळली आणि तिला बरं वाटलं, लागलं म्हणून. मग तिची तिलाच लाज वाटली.

रबर फिरलं. एकदाच, करकरत. मग थोडं जास्त.

“फिरतंय!”

“आता वर. हळू. फाटतंय असं वाटलं की थांब.”

एकदा वाटलं. ती थांबली. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता. काकांनी आपल्या टोपीने तिचं कपाळ पुसलं. टोपीला मधाचा वास होता. पुन्हा धरलं, जरा खालून. रबर वर येऊ लागलं, मेणाच्या तारा ओढत, बोटभर, आणखी बोटभर, आणि अखेर आतल्या स्प्रिंगसकट अख्खंच्या अख्खं बाहेर आलं.

एरवी भिंगरीने गॅरेजभर उड्या मारल्या असत्या. आज तिने फक्त दाराबाहेर पाहिलं. ऊन खांद्याला टेकायला आलं होतं.

मागे एक मोडीत काढलेली तसलीच गाडी उभी होती. तिची कॉइल तिने काढली, ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. पंपाने भोकात हवा मारून चुरा उडवला, कॉइल बसवली, वायर खटकन लागली. काकांनी किल्ली फिरवली. गाडी चारी पायांवर उभी राहिली.

काका जन्मात कधी घाई केलेला माणूस नव्हता. मधमाश्यांत वावरणाऱ्याने घाई करायचीच नसते, असं त्यांचं म्हणणं. भिंगरी मागच्या सीटवर ब्रेक ऑइलचा डबा आणि पाने-पकडी मांडीवर घेऊन बसली होती आणि मनातल्या मनात गाडीला ढकलत होती. मिस्त्री पुढे बसले होते. प्रत्येक वळणावर ते दरीच्या बाजूला वाकून खाली बघत, आणि काही दिसलं नाही की परत टेकत. रस्त्यावरचे काळे ठिपके आता एकमेकांच्या जवळ पडलेले दिसत होते.

मग वरून शिटी ऐकू आली.

“काका!”

“जातोय गं, जातोय.”

शेवटचं वळण घेतलं आणि समोर व्हॅन दिसली. तोंड उताराकडे, इंजिन चालू, दारं बंद, खिडक्यांतून पदर आणि कोपर बाहेर आलेले. ती हलली. अगदी सावकाश पुढे सरकली. आणि जन्मात घाई न केलेल्या काकांनी आपली गाडी सरळ तिच्यापुढे आडवी घातली.

व्हॅनवाल्याने करकचून पाय दाबला. व्हॅन थांबली, पण थांबायला जरा जास्तच पुढे आली. तिचा बंपर काकांच्या दाराला टेकला.

“डोळे फुटले का?” व्हॅनवाला ओरडला. मग मिस्त्रींना बघून नरमला. “मिस्त्री, बरं झालं आलात. पेडल जरा खाली जातंय बघा.”

आई खिडकीतून बाहेर वाकली. “काय गं? घर पेटलं का? आणि तोंड कसलं काळं करून आलीस?”

मिस्त्री मागच्या चाकामागे आडवे झाले. हात आत घातला. या वेळी डोळे उघडे होते, पण तिथे बघायला जागाच नव्हती. बराच वेळ ते तसेच पडून राहिले.

“भिंगरी,” ते म्हणाले, “तू ये.”

ती मातीत सरपटत आत गेली. नट सापडला. ऑइलने माखलेला. तिने दोन बोटांनी धरला आणि तो फिरला. पाना नको, जोर नको. बाटलीचं झाकण फिरावं तसा.

“फिरतोय,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

बायका खाली उतरल्या होत्या. एकीने विचारलं, “पोरीला कशाला घातलं खाली? मिस्त्री स्वतः का नाही बघत?”

मिस्त्री धुळीतच बसले होते. त्यांनी फडकं गुंडाळलेला हात वर केला. “मला कळत नाही म्हणून,” ते म्हणाले. “सकाळीही नव्हतं कळलं.”

कुणी हसलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. एक म्हातारी फक्त “अगं बाई” म्हणाली आणि दरीकडे पाठ करून उभी राहिली. आई मिस्त्रींकडे बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते नव्हतं हेच भिंगरीला चाकाखालून दिसलं.

“पाना लाव,” मिस्त्री म्हणाले. “आधी सैल फिरेल. मग एक जागा येईल, तिथे पाना नाही म्हणेल. त्याच्या पुढे थोडं. फार नाही, आटे जातील.”

भिंगरीने फिरवलं. पाना नाही म्हणाला. ती थोडं पुढे गेली.

“इथे?”

“मला काय विचारतेस?” ते हळूच म्हणाले. “तुला वाटतंय का?”

“वाटतंय.”

“नक्की?”

तिला खोटं बोलता आलं असतं. “माहीत नाही,” ती म्हणाली, आणि आणखी केसभर आवळलं, आणि मग तेही जास्त झालं की काय, या भीतीने तिने पाना झटकन काढून घेतला.

व्हॅनवाल्याने पेडल दाबत राहायचं, तिने ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची, मिस्त्रींनी ऑइल ओतायचं. ओतताना निम्मं बाहेर सांडलं. अखेर व्हॅनवाला म्हणाला, “आता पेडल दगडासारखं आहे.” नट पुसला. बोट लावून बघितलं. कोरडा. पुन्हा बघितलं. कोरडाच.

“पोरीने आवळलेल्या नटावर बसायचं?” एक जण म्हणाली. “मी आपली चालत येते.”

“अंधार होईल.”

“होऊ दे. अंधारात पडले तरी एकटी पडेन.”

आईने पदर खोचला. दोन्ही डबे उचलून ती व्हॅनमध्ये चढली आणि पुन्हा खिडकीशी, त्याच चाकाच्या वर बसली. मग एकेक करत बाकीच्या चढल्या. चालणारी आणि म्हातारी तेवढ्या खाली राहिल्या.

आई, उतर. भिंगरीच्या ओठांवर आलं होतं. दुपारपासून जी भीती होती ती दुसऱ्या कुणाच्या हातांची होती. ही तिच्या स्वतःच्या हातांची होती, आणि ही जास्त जड होती. पण उतर म्हणायचं म्हणजे बाबांसमोर म्हणायचं, सगळ्यांसमोर म्हणायचं. ती वाकून पाने-पकडी गोळा करू लागली. काकांनी गाडी बाजूला घेतली.

व्हॅन निघाली. भिंगरी आणि मिस्त्री रस्त्याच्या कडेला उभे राहिले. उतार सुरू झाला, व्हॅनने वेग घेतला, पहिलं वळण जवळ आलं, आणि मागचे लाल दिवे लागायला हवे होते तिथे लागले नाहीत. मग लागले. व्हॅन सावकाश झाली, वाकली, आणि डोंगराआड गेली. तिचा आवाज येत राहिला. मग पुढच्या वळणाशी पुन्हा दिसली, लहान, लाल दिवे पेटलेली.

भिंगरीने सोडलेला श्वास तिलाच ऐकू आला. तेव्हा तिला दिसलं, की तिने बाबांचा उजवा हात धरला होता, दोन्ही हातांनी, इतका करकचून की तिची नखं त्यात रुतून बसली होती.

मिस्त्री खाली रस्त्याकडेच बघत होते.

“हात धर गं जरा माझा,” ते म्हणाले.